नाल्याजवळची बाटली

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय खरी, पण सुरुवात कुठून करू?

सुभद्राबाईपासूनच करते. आमचं तालुक्याचं गाव अमरावती-अकोल्याच्या मधलं. गावाला लागून एक उथळ तळं, आणि त्या तळ्यात तिच्या शिंगाड्याच्या वेली. तिच्या सासूच्या आधीपासून चालत आलेल्या. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. माझं पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा ही बाई रोज उकडलेले शिंगाडे घेऊन यायची. सोलून हातात ठेवायची. "खाय पोरी," एवढंच म्हणायची. बाकी काही विचारायची नाही.

मग तळं हिरवं पडायला लागलं. काठाला साय धरायची, वास यायचा. पाणी तपासायचं काम नगरपरिषदेने माझ्याकडे दिलं. मी तीन बाटल्या भरल्या — मधल्या पाण्याची, वेलींतल्या पाण्याची, आणि आमच्या नव्या कॉलनीचा नाला तळ्याला मिळतो तिथली. वेलींतलं पाणी त्यातल्या त्यात निवळ होतं. नाल्याजवळच्या बाटलीत शेवाळाला खत ठरणारं फॉस्फेट इतकं निघालं, की मी चाचणी पुन्हा केली. साबणाचं, संडासाचं पाणी — आमचंच. माझ्या मोरीचंसुद्धा.

ती बाटली मी अहवालात घेतलीच नाही.

कॉलनीत कुणाच्या नजरेतून उतरायचं नव्हतं मला — बस, इतकंच. आणि नुसतं गप्प राहिले असते, तरी एक वेळ... पण नाही. सुभद्राबाई वेलींना मूठ-दोन मूठ युरिया टाकायची. ते तिनंच मला सांगितलं होतं, शिंगाडे सोलता सोलता. मी नेमकं तेच लिहिलं. खतामुळे पाणी बिघडलं, वेली काढून टाकाव्यात.

वेली निघाल्या. सोबत तळाशी उगवलेली पाणवनस्पतीही खरवडली गेली. पाण्यातलं खत शोषून घेणारं तेवढंच तर होतं — मला हे ठाऊक नव्हतं का? वर्गात शिकवत होते मी. पुढच्या उन्हाळ्यात पाणी रंग कालवल्यासारखं दाट झालं, आणि एका सकाळी सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. नाला तसाच वाहत होता.

सुभद्राबाई लेकीकडे तिवशाला निघून गेली. काही वर्षांनी तिथल्या बाजारात भेटली, भाजी विकत होती. मला पाहून उठली, माझा हात दोन्ही हातांत धरला.

"पोरी, तू तपासलं म्हून मले समजलं," ती म्हणाली. "मी तं त्या पान्याले जहरच देऊन राहिली होती. माह्याच हातानं मेलं ते तळं."

बाजारात गर्दी नव्हती. घाई नव्हती. सांगता आलं असतं.

मी मान हलवली — हो म्हणून.

दोन वर्षांनी ती वारली. तेच खरं समजून गेली.