कडू चहाचा गुण

इस्लामपुरातल्या एका दवाखान्यात मी डाएटिशियन म्हणून बसते, त्याला सहा वर्षं झाली. पेशंटच्या फाइलमध्ये वजन, शुगर आणि पथ्य एवढंच लिहिते. खरी गंमत फाइलबाहेरच साठत जाते. त्यात हर्बल चहाची लाट आल्यापासून कुणाला काय सांगावं, हेच मला कळेनासं झालंय.

आमचे एक पेशंट सलीमभाई, कापडदुकानवाले. महाबळेश्वरहून हर्बल चहाचं पाकीट आणलं आणि महिनाभर नेमानं प्यायले. वजन तीन किलोनं वाढलं! पाकिटात काही भलतंच असेल म्हणून मी ते मागवून वाचलं. वर छापलं होतं : दिवसातून चार वेळा, जेवणानंतर.

"आधी दोनदाच जेवत होतो, मॅडम," सलीमभाई म्हणाले. "चहासाठी चारदा जेवायला लागलो."

दुसरे एक रिटायर मास्तर. उपाशीपोटी रक्त दिलं, तरी शुगर भरमसाट. सकाळी चहा घेतला होता का, तर ठाम नाही म्हणाले. बायकोनं हळूच सांगितलं, तुळस, गवती चहा आणि गूळ घातलेला ग्लासभर काढा पिऊन आलेत.

मास्तर माझ्यावरच नाराज. "तुम्ही चहा विचारलात. हा काढा आहे. प्रश्न नीट विचारत जा."

आणि कवठे महांकाळच्या बायजाक्का. पूर्वी मेंढरं राखायच्या, आता थोडी शेती. घरात त्या आणि मालक, दोघंच. गोळ्या घेऊनही शुगर उतरेना. डॉक्टरांनी इन्सुलिनचं नाव काढलं, तसं बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. महिन्याची मुदत मागून गेल्या. गोळ्या सोडू नका, असं मी दहादा बजावलं.

महिन्यानं शुगर चांगली खाली आलेली. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा बघितला. बाई म्हणाल्या, गोळ्या चालूच आहेत, पण रोज सकाळी चुलीवर पाल्याचा चहा उकळते. मी लगेच वही उघडली. कुठला पाला, किती, कधी पिता?

बाई ओशाळल्या. "न्हाई ओ मॅडम. लय कडू लागतंय, मला जात न्हाई. मालक पित्यात. सांजच्याला पातेलं रिकामं असतंय."

मालक बाहेर बाकावर बसले होते. त्यांना आत बोलावलं आणि चहा किती पिता, ते विचारलं.

मालक बायकोकडं वळले.

"मी न्हाई बा. मला वाटलं, हीच पितीया."