आमच्यात घरचेच करतात

समोरच्या खिडकीत एक गोरी मदतनीस म्हाताऱ्या पंजाबी बाईंची वेणी घालते आहे. दोघींना एकमेकींची भाषा येत नसावी, पण बाई डोळे मिटून निवांत बसल्या आहेत. मला ते बघवत नाही.

कोल्हापूर सोडून इंग्लंडात आलो आणि जन्मभर इथल्या नगरपालिकेत समाजसेवकाची नोकरी केली. म्हाताऱ्यांना पालिकेची मदतनीस हवी का, ते बघायला आपल्या लोकांच्या घरी मलाच पाठवत. एकदा अंथरुणाला खिळलेल्या एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, सून दिवसभर कारखान्यात. डोक्यात जटा झाल्यात बघा. एखादी बाई पाठवा की."

"परक्या बाईचा हात लावून घेणार, मावशी? लोक काय म्हणतील?"

"लोक येतात होय केस विंचरायला?"

मी हसून उठलो. कचेरीत साहेबांना ताठ मानेनं सांगितलं, "मदत नको. आमच्यात म्हाताऱ्यांचं घरचेच करतात." साहेब खूश झाले, त्यांचा खर्च वाचला. मावशी जटांसकट गेल्या.

तेच वाक्य मी पुढे घरोघरच्या म्हाताऱ्यांसाठी वापरलं. निवृत्त झालो तेव्हा इथल्या मराठी मंडळानं शाल दिली. मी समाजाची लाज राखली, असं अध्यक्ष म्हणाले. ती कुणाच्या जिवावर राखली, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही शाल सावरत नमस्कार केला.