पोखर्णीच्या वाटेवरचा तिकोनी बोर्ड

अमावास्येच्या दिवशी नवी गाडी घरी आणलेली बाई आहे मी. भूतखेत, भानामती, असल्या गोष्टी माझ्यासमोर कुणी काढल्या की मी उठून चहा टाकायला जाते. तरीही हे लिहितेय. वाचून 'मॅडमना डुलकी लागली असेल' असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा... दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात घडलंय, आणि मी एकटी नव्हते.

परभणीत माझा ड्रायव्हिंग क्लास आहे, फक्त बायकांसाठी. क्लच-गिअर कुणीही शिकवतं, माझा हट्ट बोर्डांचा. वीस वर्षं ट्रक चालवलेल्या एका माणसाला मी 'ओव्हरटेक करू नका'चा बोर्ड दाखवला, तर म्हणाला, "दोन गाड्यांची पार्किंग." म्हणून माझ्याकडं शिकणाऱ्या बाईनं रस्त्यात बोर्ड दिसला की मोठ्यानं वाचायचा. तिकोनी असला तर सावध करतो, गोल असला तर हुकूम देतो, चौकोनी नुसती माहिती देतो. एवढं डोक्यात बसलं की चित्रं आपोआप कळायला लागतात.

उमाताई अशीच शिकायला आली. चाळिशीच्या पुढची, नवरा मन्मथअप्पा, त्यांचं किराणा दुकान. माहेर पोखर्णीचं. तिथं आई एकटी आणि सारखी आजारी. तिला दवाखान्यात आणायचं म्हटलं की अप्पांना दुकानातून उठायला होत नसे. "आता कुणाच्या मिनत्या करायच्या न्हाईत मॅडम. माझ्या मायला मीच आणणार," पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं.

पोळा होऊन गेला होता. त्या दिवशी मी तिला मुद्दाम पोखर्णीकडं नेलं. गावाच्या अलीकडं मेन रोड सोडून आतल्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडं सोयाबीन, रस्ता मोकळा, पुढं एक चढ. स्टेअरिंगवर उमाताई, शेजारी मी — माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. गाडी छान चालली होती. मीच म्हणाले, "आता फोर्थ टाका, घाबरू नका."

तेवढ्यात चढाच्या अलीकडं, डाव्या हाताला बोर्ड. तिकोनी, लाल काठाचा, कोरा करकरीत. सवयीनं म्हणाले, "वाचा."

उमाताई अडखळली. "तिकोनी हाय... म्हंजे सावध करायलाय. पण हे काय मॅडम? गाडी पाण्यात पडायली की!"

अगदी बरोबर. पुढं नदीकाठ किंवा धक्का आहे, गाडी पाण्यात जाईल, असा त्याचा अर्थ. पुस्तकात आहे तो. पण मी तो शिकवतच नाही, कारण आमच्याकडं तो कुठं बघायलाच मिळत नाही. "पुढं पाणी आहे, हळू घ्या," मी सांगून मोकळी झाले, आणि मग डोक्यात आलं... इथं कुठली नदी?

उमाताईनं मात्र सांगितलं तसं केलं होतं. चढ संपला तेव्हा गाडी माणसाच्या चालीनं चालली होती. आणि समोर रस्ताच नव्हता.

पुलाच्या नळ्या टाकायला रस्ता आडवा खणलेला. खड्डा रात्रीच्या पावसानं तुडुंब. ना दगड, ना फांदी, ना लाल फीत. दोघींनी एकदमच ब्रेक दाबले. चाकापुढचं ढेकूळ सुटून पाण्यात पडलं, त्याचा आवाज मला काचेतून ऐकू आला.

"शिवा शिवा..." उमाताईनं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं होतं. मी तिला खाली उतरवलं, पाणी दिलं. म्हणाले, "ज्यानं बोर्ड लावला त्याचं भलं होवो." आणि बोर्ड बघायला आम्ही मागं चालत गेलो.

बोर्ड नव्हता. खांब नव्हता. खांब उपटल्याची खूणसुद्धा नव्हती. मी गवतात हात घालून बघितलं, चपलेनं माती उकरली. बांधावर एक काका गवत कापत होते, त्यांना विचारलं.

"बोर्ड? माझंच वावर हाय बाई हे. हितं कवाच बोर्ड न्हवता. खड्डा हाणून गेले, एक दगड सुदिक ठिवला न्हाई."

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? पण काट्यापेक्षा राग जास्त आला.

संध्याकाळी उमाताईच्या घरी गेले. अप्पा म्हणाले, "पोखर्णीच्या नरसिंहानं राखलं. आता बास झाला क्लास." आणि लगेच पुढं, "लर्निंगच्या परीक्षेत ते चित्र पाह्यलं असंल. भास झाला, दुसरं काय!"

"दोघींना एकाच जागी, एकाच वेळी, एकच भास?" मी म्हणाले. "आणि अप्पा, देव की भास, एक काहीतरी ठरवा."

उमाताई आतून बाहेर आली. "बोर्ड वाचता आला म्हणून जित्ती हाय मी. आन् तुमी क्लास बंद करा म्हनता?"

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर हजर. मी मात्र आधी ते काम काढणाऱ्या कार्यालयात जाऊन भांडले. साहेब शांतपणे म्हणाले, "तिथं डायव्हर्जनचा बोर्ड लावलेला आहे मॅडम." म्हणजे ह्यांनी लावलेला बोर्ड कुणालाच दिसला नाही, आणि कुणी न लावलेला आम्हा दोघींना दिसला! खड्ड्याला दगड आणि फीत लागल्याशिवाय मी खुर्चीवरून उठले नाही.

तो बोर्ड काय होता, कुणाचा होता, मला आजही सांगता येत नाही. पण उत्तर नाही म्हणून जे दिसलं ते दिसलंच नाही, असं मी म्हणणार नाही. कुणीही म्हणा, मी म्हणणार नाही.

उमाताईला लायसन्स मिळालं. तिथला पूलही झाला. मागच्या महिन्यात ती आईला आणायला निघाली तर अप्पा आपण होऊन मागच्या सीटवर येऊन बसले. त्या चढाशी आल्यावर मागून हळूच म्हणाले, "जरा हळू घे गं."

"का? बोर्ड कुठाय हितं?" उमाताईनं विचारलं.

अप्पा खिडकीबाहेर बघत बसले.

हे सांगताना ती लय हसत होती. मी विचारलं, "मग? स्पीड कमी केला का नाही?"

हसायची थांबली. म्हणाली, "केला की."