रघुजींचं आयतु

बेंगळूरच्या कलासीपाळ्यात मोटारदुरुस्तीच्या जितक्या शेड होत्या, तितक्यांत दिवसभर एकच शब्द चाले, आयतु. कानडीतला हा शब्द भलता सोयीचा. काम संपलं तरी आयतु, म्हणजे झालं. कामाला हातही लावला नसला तरी आयतु, म्हणजे बरं, करतो. गिऱ्हाईक पहिला अर्थ घेऊन खुशीत घरी जातं, मेकॅनिक दुसरा अर्थ घेऊन कॉफीला जातो. रघुजी मोहिते मात्र हा शब्द तोंडातून काढत नसत. घरात तीनशे वर्षांची मराठी, म्हणजे एव्हाना निम्मी कानडीच, तरी एवढा एक शब्द त्यांनी टाकला होता. पोरंटोरं मुद्दाम विचारत, "आयता, अण्णा?", म्हणजे झालं का. रघुजी मान खाली घालून सांगत, काय झालं आणि काय बाकी आहे.

पूर्वी असं नव्हतं. एकसष्ट सालापर्यंत रघुजी सगळ्यांसारखेच आयतु म्हणत, आणि त्यांचा वायदा कधी चुकत नसे. बुधवार म्हणजे बुधवार. या गोष्टीचा त्यांना गर्व होता. गर्व कसला, चांगलाच ताठा होता.

त्या वर्षी श्रावणात वासुदेवराव आपली घरगाडी घेऊन आले. सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस. एका कॉफीमळेवाल्या साहेबानं लष्करी लॉरीच्या सांगाड्यावर लाकडी खोली बांधून घेतली होती. आत पलंग, स्टो, भांडी घासायची मोरीसुद्धा. साहेब विलायतेला गेला आणि गाडी फिरत फिरत वासुदेवरावांकडे आली. त्यांनी ती घेतली ती बायकोसाठी. सावित्रीबाईंच्या पाठीचा मणका दुखावला होता. बसणं जमत नसे, निजूनच राहावं लागे. आणि त्यांना तुंगभद्रेकाठी मंत्रालयाला जायचं होतं, राघवेंद्रस्वामींच्या समाधीपाशी, आराधनेला. गाडीतला पलंग मागच्या डाव्या चाकावर होता.

"डॉक्टर म्हणाले, निजून जाऊ देत, पण हादरा बसता कामा नये," वासुदेवराव म्हणाले. "चारी शॉकअप बदला, अण्णा. गुरुवारी पहाटे निघायचंय."

"बुधवारी घेऊन जा," रघुजींनी सांगून टाकलं.

स्प्रिंग खड्डा गिळते, पण गिळल्यावर गाडी नाचत राहते. तो नाच थांबवणं हे शॉकअपचं काम. या गाडीचे चारीही गेलेले होते. पुढचे दोन मिळाले. मागचा उजवा मिळाला. डावा सगळ्या बाजारात नव्हता, मद्रासहून यायला पंधरा दिवस लागणार होते. बुधवारी दुपारी रघुजींनी जुनाच डावा शॉकअप सोडवला, जाड तेल भरलं, पुसला, बाकीच्या तिघांसारखा काळा रंग मारला आणि परत बसवला. एवढ्यानं काय होतंय, असं ते स्वतःशीच म्हणाले. आराधना चुकली असती, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे वायदा चुकला असता.

संध्याकाळी वासुदेवरावांनी विचारलं, "चारी झाले ना?"

"आयतु, आयतु," रघुजी म्हणाले.

नरो वा कुंजरो वा. खोटं म्हणावं तर खोटं नाही. वासुदेवरावांनी झालं असं ऐकलं, रघुजींनी बरं असं म्हटल्याचं स्वतःला बजावलं, आणि गाडी गेली.

सहाव्या दिवशी भाड्याचा एक ड्रायव्हर ती आदवानीहून थेट शेडवर सोडायला आला. सारं त्यानंच सांगितलं. आदवानीच्या अलीकडे रस्ता फुटलेला होता. बाईंची पाठ अशी धरली की त्यांना किंचाळवेना. मंत्रालय तीस मैलांवर राहिलं. आदवानीच्या डॉक्टरांनी सुई टोचून त्यांना रेल्वेच्या फळीवर निजवून थेट बेंगळूरला परत पाठवलं. दर्शन नाहीच.

रघुजी तसेच गाडीखाली शिरले. लांब चाल झाली की कामाचा शॉकअप तापतो, मेलेला थंड राहतो. त्यांनी एकेकाला हात लावला. पुढचे दोन्ही गरम, मागचा उजवा गरम. डावा थंडगार. ते बराच वेळ खालीच पडून राहिले. ड्रायव्हरला वाटलं, काम चाललंय.

दुसऱ्या दिवशी ते बसवनगुडीत वासुदेवरावांच्या घरी गेले. सांगायचंच असं ठरवून गेले होते. सावित्रीबाई फळीवर उताण्या निजल्या होत्या. वासुदेवराव म्हणाले, "रस्ताच वाईट. तुम्ही काम केलंत म्हणून आदवानीपर्यंत तरी पोचलो."

"रस्त्याचं काही नाही," सावित्रीबाई म्हणाल्या. "रायरांनी, राघवेंद्रस्वामींनी, बोलावलं नाही मला. आमच्या सासूबाई मंत्रालयाला ने, मंत्रालयाला ने म्हणायच्या. मी आज करू, उद्या करू करत राहिले. त्या तशाच गेल्या. आता माझं तोंड कशाला बघतील स्वामी? बरोबर तीस मैलांवर परतवलं."

रघुजींनी कॉफी प्यायली, पेला खाली ठेवला आणि ते न सांगताच घरी आले. आपलं पाप एका निजलेल्या बाईनं उचलून स्वतःच्या उरावर घेतलंय आणि आपण तिच्या हातची नाही, पण तिच्या घरची कॉफी पिऊन आलो, याची त्यांना इतकी लाज वाटली की दोन दिवस त्यांनी शेड उघडली नाही. बायकोनं, कौशल्येनं, विचारलं, अंगात ताप आहे का? ते म्हणाले, ताप असता तर बरं होतं.

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले आणि उभ्याउभ्याच बोलले. "अक्का, रायरांनी नाही परतवलं. मी परतवलं. डावा मागचा बदललाच नव्हता. जुन्याला रंग मारला. तुमच्याखालचाच तो."

वासुदेवराव उठले. "आयतु म्हणालात तुम्ही मला!" एवढंच बोलले आणि आत गेले.

सावित्रीबाई छताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे रायर रागावले नव्हते माझ्यावर?"

"नाही, अक्का."

"सासूबाईपण नाहीत?"

"नाही."

आणि बाई हसल्या. डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं आणि त्या हसत होत्या. रघुजींना वाटलं, याच्यापेक्षा चप्पल फेकून मारली असती तर सोसलं असतं.

मद्रासहून शॉकअप आला. रघुजींनी तो बसवला, गाडी कृष्णराजपुरमपर्यंत पिटाळून आणली, खाली शिरून चारींना हात लावला आणि सांगायला गेले. "बसवला. चारी गरम आहेत." पण डॉक्टरांनी बाईंना प्रवास कायमचा मना केला होता. त्या म्हणाल्या, "सरी, ठीक. मग तुम्ही दोघं जा. मला प्रसाद आणा. आमच्या ह्यांना एकट्याला सोडू नका, ते जोरात चालवतात."

दोघे निघाले. वासुदेवराव शेजारी बसले होते. रघुजी प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी पार हळू करत, चाक अलगद उतरवत, अलगद चढवत. मागून बैलगाड्या पुढे निघून जात होत्या. आदवानीच्या अलीकडे तो फुटका रस्ता लागला आणि गाडी जवळजवळ उभीच राहिली.

"रघुजीअण्णा," वासुदेवराव शेवटी म्हणाले, "मागं पलंगावर कोणी नाही."

"ठाऊक आहे," रघुजी म्हणाले, आणि डावं चाक खड्ड्याच्या कडेकडेनं नेऊ लागले.