तीनदा वाचणारे शाईकाका

शाईकाका माणसाचा चेहरा नंतर पाहत, अंगठा आधी. हुद्दा शिपायाचा, पण सही न येणाऱ्यांचे अंगठे कागदावर घेणं आणि खाली साक्षीदार म्हणून सही करणं, हे शाखेतलं काम त्यांचंच. एक बोट कायम जांभळं, म्हणून ते शाईकाका. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझाही अंगठा पाहिला. म्हणाले, "मॅडम, ह्या अंगठ्यानं पेनाबिगर कायी धरलंच नाई वाटते."

खरंच होतं. मी आदिलाबाद शहरात वाढलेली, इंग्रजी शाळेतली. घरी मराठी, बाजारात तेलुगू, आणि सगळ्याच भाषांत कमीत कमी बोलायची सवय. भीमपूरकडच्या त्या शाखेत रोखपाल म्हणून माझी पहिलीच नेमणूक. काचेआडून मी पुटपुटायची. काका लांबून ओरडायचे, "तुमचा आवाज काचीच्या भाईर येऊन नाई राह्यला. पैशे देता का मंत्र म्हनता?" रांगेतल्या बाया हसायच्या. मी लाल व्हायची. पण त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यांचा एक नियम होता. अंगठा घेण्याआधी ते कागद तीनदा वाचून दाखवत. मग समोरच्याला विचारत, "आता तू सांग, काय लिवलं हाय?" त्या माणसाने आपल्या शब्दांत सांगितल्यावरच शाईची डबी उघडायची. अंगठा उमटला की खोबरेल तेलाच्या चिंधीने तो स्वतः पुसून द्यायचे. रांग दारापर्यंत जायची. मॅनेजर साहेब केबिनमधून ओरडायचे, "जल्दी करो!" काका मान हलवायचे आणि चौथ्यांदा वाचायला घ्यायचे. मला म्हणाले होते, "अंगठा देनं म्हंजे जबान देनं. जबान घाईत देऊ नाई."

कापूस वेचणीच्या दिवसांत हे काम फार अवघड होई. बोंडांच्या टोकदार कवचांनी बायकांची बोटं चिरलेली असत. बोटांचे ठसे घेणारं यंत्र त्यांना ओळखायचं नाही. कागदावरचा ठसाही तुटक, रेघारेघांचा यायचा. काका समासात लिहीत, 'वेचणीमुळे ठसा अस्पष्ट'. त्या तीन शब्दांचं मोल मला गिरजाबाईंमुळे कळलं.

गिरजाबाई विधवा पेन्शन काढायला आल्या होत्या. खात्यात काहीच नव्हतं. शेळ्यांसाठी घेतलेल्या कर्जाच्या हप्त्यात पेन्शन वळती झाली होती, असं संगणक सांगत होता.

"शेळ्या?" गिरजाबाई म्हणाल्या. "कोन्या रंगाच्या हायेत? मले दाखवा तरी!"

काकांनी कर्जाची फाईल काढली. ठसा पाहिला आणि खाली बसले. वेचणीच्या ऐन भरातली तारीख होती, आणि अंगठा चिंचोक्यासारखा गुळगुळीत. समासात ते तीन शब्दही नव्हते. त्यांनी आणखी फाईली उघडल्या. वेगवेगळ्या बायका, वेगवेगळी गावं, अंगठा एकच. आणि प्रत्येक ठशाखाली साक्षीदार म्हणून शाईकाकांची सही.

सही खोटी नव्हती. वेचणीत बायकांची बँकेपायी दिवसाची मजुरी बुडू नये, म्हणून कोऱ्या अर्जांवर आधीच सह्या करून ठेव, असं मॅनेजर साहेबांनी त्यांना सांगितलं होतं. काकांना ते पटलं होतं. "जनमभर लोकाईले तीनदा वाचून दाखवलं," ते म्हणाले, "आन मी एकदाबी न वाचता सही देऊन बसलो, पोरी." त्या दिवसापासून त्यांनी मला मॅडम म्हणणं सोडलं.

त्यांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. फक्त त्या बायकांची पेन्शन अशीच कापली गेली असती. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "इंग्रजीत दरखास्त लिवून दे. एक मुख्य कार्यालयाले, एक बँकाईवर नजर ठेवनाऱ्याईले. नाव माझं. तुई नोकरी अजून पक्की नाई."

मी लिहिलं. चांगलं लिहिलं. फक्त कोऱ्या कागदांवरच्या सह्यांचं वाक्य गाळलं. सही बनावट असू शकते, असं मोघम लिहिलं. काका म्हणाले, "वाच." मी मराठीत सांगितलं. "अजून एकदा." तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यात माझी चूक कुठं हाय?"

"काका, तुमची पेन्शन अडकेल."

"गिरजाबाईची अडकलीच हाय नं? काऊन खोटं लिवतं? अर्धं खरं लिवलं तर बाकीच्यावर कोन इश्वास ठेवीन?"

मी ते वाक्य घातलं. मग त्यांनी सही केली.

तपासणीला अधिकारी आले. दर वर्षी हिशेब तपासले गेले होते आणि आकडे जुळले म्हणून शेराही चांगला पडला होता. शेळ्या पाहायला कोणी गेलं नव्हतं. काका अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, राखनदारानं कुंपनाजवळूनच पाह्यलं, तर डुक्करं पीक खाऊनच जातीन." तक्रार कोणी लिहिली, या प्रश्नावर त्यांनी उत्तर दिलं, "बोथ गावच्या टायपिंगवाल्यानं." अधिकारी हसून म्हणाले, इंग्रजी फारच चांगलं आहे. "बोथची पोरं हुशार हायेत साहेब." मी शेजारीच उभी होते. गप्प राहिले. ते गप्प राहणं मला अजून सलतं, आणि त्यांनी मला गप्प राहू दिलं याचं ऋणही तितकंच वाटतं.

बायकांच्या नावावर कर्ज उचलणारे मॅनेजर निलंबित झाले. गिरजाबाईंचे पैसे परत आले, बाकीच्या बायकांची नावंही त्या खोट्या कर्जांतून सुटली. आता आमच्याकडे कर्ज देण्याआधी दुसऱ्या शाखेचा अधिकारी घरी जातो आणि कर्जदाराच्या भाषेत सगळं सांगतो. काकाही निलंबित झाले. त्यामुळे निरोपाचा समारंभ, शाल, फोटो, काहीच झालं नाही.

शेवटचा हिशेब घ्यायला ते आले ते नेमके वेचणीच्याच दिवसांत. रांगेत उभे राहिले, माझ्याच खिडकीपुढे. मी कागद पुढे सरकवला. त्यांनी तो परत सरकवला. "वाच."

मी काचेआडून बाहेर आले आणि वाचलं. निष्काळजीपणाबद्दल शिक्षा म्हणून केलेली कपातही वाचली. तीनदा वाचलं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग विचारलं, "आता तुम्ही सांगा काका, काय लिहिलं आहे?"

त्यांनी सगळं सांगितलं, कपात न गाळता. मग सही केली.

रांग दाराबाहेर गेली होती. वेचणी सोडून आलेल्या बाया उन्हात उभ्या होत्या. कोणीही घाई केली नाही.