बलजीतच्या निळ्या चपला

अमेरिकेतल्या आमच्या गावी, गुरुद्वाराच्या दाराशी एक आजोबा सगळ्यांचे जोडे पुसतात. ती त्यांची सेवा. कोपऱ्यातल्या निळ्या चपला बलजीतच्या. तिच्याकडे कागदपत्रं नाहीत. बाहेर दिसली तर पकडून परत पाठवतील, म्हणून कित्येक महिने ती आतच राहते, लंगरच्या रोट्या लाटते. चपलांवर नुसती धूळ बसते. आजोबा तरीही दर रविवारी त्या पुसतात.

“बाबाजी, त्या कशाला पुसता? मी कुठे चाललेय?” आज ती म्हणाली.

“मग मी घालून जाऊ बाजारात?” आजोबा पट्टा घासत राहिले.

ती हसली, पण उंबऱ्याच्या आतच उभी राहून.

मी बूट घातले. बाहेर थंडी होती. घरी जायचा अगदी कंटाळा आला होता, पण तिच्यासमोर तसं म्हणवेना.