पहिल्या दगडाचा मान

आमच्या वाडीतलं पाणी शिमग्यापर्यंत टिकत नाही, पण पाण्यावरचे किस्से वर्षभर पुरतात. पावसाळ्यात चुलीजवळ सुकत घातलेली गोधडी आठ दिवस ओलीच राहते, आणि एप्रिलात त्याच घरातली बाई कळशी घेऊन टँकरच्या रांगेत उभी असते. मधल्या महिन्यांत आम्ही काय करतो, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. आम्ही सभा घेतो. मी शाळेतून निवृत्त झालो, अक्षर बरं, म्हणून मला वाडीच्या पाणी गटाचा सचिव केलं. तेव्हापासून इतिवृत्ताची वही माझ्याकडे असते. वहीत जे लिहिता आलं नाही ते इथे सांगतो.

* * *

एकदा कृषी खात्याने आमच्यासाठी प्रशिक्षण ठेवलं. विषय: कोरड्या हवामानातली शाश्वत शेती. महिना: जुलै.

शाळेच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की व्याख्याते काय बोलतात ते पहिल्या रांगेलाही कळत नव्हतं. पत्रा गळत होता तिथल्या मंडळींनी वर्गातच छत्र्या उघडल्या. साहेब घाटावरचे, मनापासून आलेले. ते पडद्यावर भेगाळलेल्या जमिनीचे फोटो दाखवत होते. शेवटी ओरडून म्हणाले, सावध झाला नाहीत तर दहा वर्षांत तुमच्या गावाचंही असं होईल.

मागून आमच्या गटाचे अध्यक्ष सदूभाऊ उठले.

"धा वर्सा कित्याक, साहेब? मार्चात येवा. हयसर असाच दिसता."

साहेबांनी पुढची स्लाइड लावली.

* * *

मग ठिबक आलं. आमच्या गटातल्या बापूने सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, काजूची साठ कलमं लावली होती, त्यांना नळ्या बसवल्या. पंधरा दिवसांनी बघायला गेलो, तर कलमं चिखलात आणि टाकी कोरडी ठणठणीत. बापूने दाभण तापवून एकेका तोटीचं भोक मोठं केलं होतं. दिवसभर पुरायचं पाणी अर्ध्या तासात संपत होतं.

मी चिडलो. झाडाला थेंबथेंबच हवं असतं, वगैरे सगळं पुन्हा समजावलं. बापूने शांतपणे ऐकून घेतलं.

"गुरुजी, तुमी जेवताना एकेक शीत मोजून खातास?"

अख्ख्या वाडीत ठिबक जसं दिलं तसं वापरलं ते एकट्या तारावयनीने. तिचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली. भात कापलं की व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठच्या तुकड्यात ती कलिंगडं लावते आणि तोंडवलीच्या किनाऱ्याला जाणाऱ्या पर्यटकांना रस्त्यावर बसून विकते. तिचं वर्ष त्या कलिंगडांवर निघतं. प्रशिक्षणात तिला मागच्या बाकावर बसवलं होतं, तरी सगळं तिलाच समजलं होतं. याबद्दल तिला कोणी काही विचारत नाही.

* * *

शेततळ्यांची तपासणी व्हायची होती. सात जणांना तळी मंजूर झालेली. प्रत्येकाने आपल्या तळ्यातल्या पाण्यासोबत फोटो काढून पाठवायचा होता, आणि फोटोवर जागा आपोआप उमटत होती. आता आमच्या कातळात पाणी राहतं ते एकाच तळ्यात. बाकी सहांचा तळ्यात अंथरायचा प्लॅस्टिक कागद गोठ्याच्या छपरावर गेला होता.

मंडळी रांगेने एकाच तळ्यावर गेली. बापूने तर शर्टही उसना आणला.

कृषी हाफिसातून दुसरे साहेब आले. सात शेतकरी, सात तळी आणि जागा एकच, हे कसं, असं त्यांनी विचारलं. सदूभाऊ जराही अडखळले नाहीत.

"साहेब, पाणी जंय, थंयच शेतकरी जातलो."

* * *

मुंबईची नोकरी सोडून आलेल्या प्रकाशने आंब्याच्या कलमांपाशी एक यंत्र पुरलं. माती सुकली की ते त्याच्या मोबाइलवर निरोप पाठवतं. अडचण एवढीच की सड्यावर नेटवर्क नाही. म्हणून प्रकाश रोज सकाळी दुचाकीवरून कट्टा गावच्या बाजारात जातो, एसटी स्टँडसमोर चहा घेतो आणि आदल्या दिवशी आपली झाडं तहानलेली होती की नाही ते तिथे बघतो. निरोप सड्यावरून निघतो तरी कसा, हे मात्र त्यालाही सांगता येत नाही.

एकदा धापा टाकत परत आला, तर आई कलमांना पाणी घालून घरी निघाली होती. तुला कसं कळलं, म्हणाला.

"बोट घालून बगलंय," आई म्हणाली.

* * *

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण आमचं खरं पाणी व्हाळाचं. कार्तिकात त्यावर दगडगोट्यांचा आणि मातीच्या पोत्यांचा बंधारा घातला की काठावरच्या बावड्या, म्हणजे विहिरी, मे महिन्यापर्यंत जिवंत राहतात. दोन दिवसांचं श्रमदान, बस. मात्र पहिला दगड ठेवायचा मान कोणाचा, वरच्या घराचा की खालच्या, हे ठरल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. वरच्या घराचे सदूभाऊ, खालच्या घराचे अप्पा. सख्खे चुलतभाऊ.

गेल्या वर्षी ते ठरेपर्यंत पौष उजाडला. मग वाजतगाजत कोरड्या व्हाळात बंधारा घातला आणि त्याचा फोटोही काढला.

यंदा देवाला कौल लावला. गुरवाने पाषाणाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर वरचं घर, डावी पडली तर खालचं. आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत उभे. एकही पाकळी पडली नाही.

"देव अजून इचार करता हा," गुरव म्हणाला.

दोन्ही घरांनी ते मान्य केलं. पंधरा दिवसांनी पुन्हा बसायचं ठरलं. व्हाळ तोवर खाडीला मिळतच होता.

* * *

त्याच आठवड्यात तारावयनी माझ्याकडे आली. कलिंगडांच्या वेलांना चार चार पानं फुटली होती आणि तिची बावडी रोज वीतभर खाली जात होती. अजून पंधरा दिवस थांबलं तर वेल गेले, असं तिने सांगितलं. मी तिला म्हटलं, विषय पुढच्या सभेत घेऊ. हे वाक्य मी बोललो याची मला आजही लाज वाटते. ती उठून गेली.

पुढच्या बैठकीत अखेर तोड निघाली. सदूभाऊ आणि अप्पा, दोघांनी मिळून एकच दगड उचलायचा. रविवारी सकाळी आम्ही सगळे टोप्या घालून, नारळ, अगरबत्ती आणि ढोल घेऊन व्हाळावर गेलो. वही माझ्या काखेत होती.

बंधारा घातलेला होता.

तारावयनी आणि तिची जाऊ, दोघींनी तीन दिवसांत पोती भरून व्हाळ अडवला होता. मागे गुडघाभर पाणी साचलं होतं. ढोलवाल्याने वाजवायला सुरुवात केली होती, तो थांबला.

सदूभाऊंनी अप्पांकडे पाहिलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही घरांचं एकमत झालं.

"ह्या रितीन झाला नाय," अप्पा म्हणाले. "मोडून परत बांधूक व्हया."

सदूभाऊंनी मान हलवली. बापू पाण्यात उतरला. आणि मी, खोटं कशाला बोलू, मी वही उघडून वर 'ठराव' असं लिहिलंसुद्धा.

तारावयनी काठावर उभी होती, ती खाली आली. पदर खोचला, बंधाऱ्याच्या बरोबर मध्ये जाऊन पोत्यावर बसली आणि पाय पाण्यात सोडले.

"पयलो दगड मी आसय," ती म्हणाली. "आधी माका उचला. मगे तुमचो ठेवा."

बापू होता तिथेच उभा राहिला. सदूभाऊंनी नारळ पिशवीत परत घातला. अप्पा माझ्याकडे बघत होते. मी वही मिटली.